पावणेदोन मापाची म्हैस

लक्ष्मीपूजनाचा दिवस, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं. रक्कम दीडशे रुपये, आगाऊ, सुनेच्या मोबाइलवरून आलेली. हजर आम्ही दोघं, म्हणजे दुकानात मी आणि माझी बायको सुमन. फोनच्या पलीकडे मुरगूडचे म्हादू आण्णा, सध्या मुक्काम फुलेवाडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये. व्यवहार म्हैस मोठी करण्याचा. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढं जो घोटाळा झाला त्यात कोण काय म्हणालं यावर अजून वाद आहे. दिवस, रक्कम आणि हजेरी यावर तरी वाद नाही.

म्हैस खरी नव्हती. संगणकातली होती.

माझा मूळ धंदा पॅटर्न मेकरचा. लोखंडी वस्तू ओतायची तर आधी तशीच लाकडी वस्तू घडवावी लागते. ती वाळूत दाबून पोकळी करतात आणि पोकळीत लोखंड ओततात. त्या लाकडी वस्तूला पॅटर्न म्हणतात. तापलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न फुटाला एक सूत मोठा ठेवायचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कोल्हापूरच्या उद्यमनगरात बावीस वर्षं मी फुटाला एक सूत मिळवत आलो. पुढं पॅटर्न यंत्रावर कापले जायला लागले. यंत्राला संगणक होता, म्हणून मी संगणक शिकलो. मी शिकेपर्यंत ते यंत्र चालवायला पंचविशीतली मुलं येऊन बसलेली होती. मग दहा बाय बाराचा गाळा घेतला आणि संगणक दुरुस्तीचं दुकान टाकलं. जुने लोक अजून मिस्त्रीच म्हणतात.

प्राण्यांचं काम मी शोधत गेलो नाही. एका शाळेच्या गणिताच्या बाई संगणक घेऊन आल्या. त्यांच्या मुलीनं त्यात एक खेळ घातला होता. त्यात कुत्रं, मांजर, पोपट असे प्राणी पाळायचे, त्यांना खाऊ घालायचं, न्हाऊ घालायचं, आजारी पडले तर औषध द्यायचं. बाईंचं मांजर पडद्यावर कुठंही हिंडायचं आणि नेमकं गुणपत्रिकेवर येऊन बसायचं.

"काढून टाकू का?" मी विचारलं.

"अहो नको, मुलगी रडेल. लहान करता येईल का बघा."

शोधाशोध केल्यावर कळलं की प्रत्येक प्राण्याची एक फाइल असते. ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. आत शंभरसव्वाशे ओळी, रंग, वय, भूक, नाव. त्यातली एक ओळ मापाची, आणि तिच्यापुढं आकडा १. हा आकडा बदलला की प्राण्याचं माप बदलतं. मी शून्य पूर्णांक दोन केलं. बाई खूश होऊन गेल्या. चौथ्या दिवशी फोन आला, मांजर हरवलं. मी घरी जाऊन बघितलं, तर पडद्याच्या कोपऱ्यात कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं ना, त्याच्यामागं ते झोपलं होतं. सकाळपासून उपाशी. बाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "पाऊणपट करा. गुणपत्रिका मी दुसरीकडं हलवते."

तेव्हापासून मी दर ठरवला. एका प्राण्याला दीडशे रुपये, मोठा करा नाहीतर लहान. मूळ मापाला परत आणायचे पैसे नाहीत. सुमनचं म्हणणं, "एक आकडा पुसून दुसरा लिहायचे दीडशे? मला द्या, मी पन्नासात करते." तिला मी हिशोब समजावून सांगितला. आकडा बदलायचे पाच रुपये. उरलेले एकशे पंचेचाळीस, तो बदलल्यावर काय काय बिघडतं ते बघायचे.

कारण बिघडतं पुष्कळ. दोनपट म्हटलं की माणसाला वाटतं, दोनपट. पण उंची दुप्पट, लांबी दुप्पट, रुंदीही दुप्पट, म्हणजे वजन आठपट. फाउंड्रीत नवीन असताना एका गिऱ्हाइकाला मी दुप्पट मापाच्या पुलीला दुप्पट लोखंडाचा अंदाज सांगितला होता आणि मालकानं सगळ्यांसमोर पाटीवरचा माझा आकडा पुसला होता. तो धडा संगणकातही लागू. प्राणी मोठा झाला तरी त्याची वाटी, दार, गादी जुन्याच मापाची राहते. त्यामुळं प्रत्येक प्राण्याच्या मी चार परीक्षा घेतो. खातो का, पितो का, दारातून जातो का, झोपला तर गादीवर मावतो का. चारही झाल्याशिवाय फाइल देत नाही. आणि एक नियम असा की हात लावायच्या आधी फाइलची प्रत काढून ठेवायची. आधी प्रत, मग हात. हा नियम मी आजवर एकदाच मोडला. त्याचीच ही हकीगत.

पण आधी वाडीच्या पेढेवाल्यांचं सांगतो, कारण धंद्यात माणूस किती प्रकारे चुकू शकतो हे मला त्यांनी शिकवलं. नृसिंहवाडीला त्यांचं दुकान. एके दिवशी फोन.

"मिस्त्री, कुत्रं भुंकतंय, वाटीतलं खातंय, पण दिसत न्हाय."

"तुम्ही काही केलंत का?"

"कायबी न्हाय केलं. तुमच्याकडं यायला वेळ न्हवता म्हणून मीच फाइल उघडली आन एक काढून दीड लिवलं. बास."

"दीड कसं लिहिलंत?"

"कसं म्हंजे? मराठीत!"

त्यांच्या दुकानाची बिलं मराठीत निघतात, त्यामुळं कळफलक मराठीवर लावलेला. त्यांनी लिहिलं होतं १.५. आपल्याला तो आकडा दिसतो, खेळाला ती नुसती अक्षरं. आकडाच नाही म्हटल्यावर खेळानं माप शून्य धरलं. कुत्रं होतं, सगळं करत होतं, पण शून्य मापाचं होतं. मी जाऊन दुरुस्त करायला बसलो तर त्यांच्या आईनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे तसंच दोन दिस. दत्ताच्या दारातलं कुत्रं हाय. दिसायलाच पायजे असं न्हाय."

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. येण्याजाण्याचं पेट्रोल दोनदा, पेढे पाव किलो एकदा.

आता आण्णा.

म्हादू आण्णा, वय सत्तरीच्या अलीकडं. मुरगुडात त्यांचा म्हशींचा गोठा होता. गुडघे गेले तसा मुलानं गोठा आवरायला लावला आणि त्यांना कोल्हापुरात आणलं. शेवटची म्हैस चंद्री. ती विकली त्या दिवसापासून आण्णा चहात दूध घालत नव्हते. पिशवीतलं दूध म्हणजे दूध नव्हे, असं त्यांचं मत. त्यांची नात तन्वी, इयत्ता सातवी. ती हाच प्राण्यांचा खेळ खेळायची. कुणा हौशी माणसानं त्या खेळासाठी म्हैस बनवून ठेवली होती, ती तिनं आजोबांसाठी मिळवली आणि तिचं नाव चंद्री ठेवलं. दीड वर्ष रोज शाळेतून आल्यावर दोघं तिला चारापाणी करत होते. सून सांगायची, जेवायला हाक मारली तर आण्णा म्हणायचे, थांब, आदी तिचं होऊ दे.

पहिल्यांदा दोघं दुकानात आले तेव्हा आण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"पावणं, ही म्हस हाय का शेळी?"

पावणं हा आण्णांचा शब्द. अनोळखी माणसाला आमच्याकडं पावणं म्हणतातच, पण आण्णा ओळख झाल्यावरही पावणंच म्हणायचे. दुधाच्या गाडीवाल्याला पावणं, डॉक्टरला पावणं. सुनेच्या वडिलांनाही पावणंच, पण ते तर खरेच पाहुणे.

मी बघितलं. म्हैस कुत्र्याच्या सांगाड्यावर चढवलेली होती. रंग, शिंगं झकास, पण उंची मोठ्या कुत्र्याएवढी. बाजूला मालक म्हणून एक माणूस उभा असतो, त्याच्या मांडीला तिची पाठ लागत होती.

"आन बसती बघा कशी!" आण्णा म्हणाले. "म्हस बसताना पुढचं गुडघं आदी टेकती. ही ढुंगणावर बसती. शेपूट हलवती! दोन पाय वर करून हात मिळवाय बघती!"

"आजोबा, ते मी शिकवलंय," तन्वी म्हणाली.

"त्याला माझा इलाज नाही," मी म्हणालो. "मी फक्त माप बदलतो. खरी चंद्री केवढी होती?"

आण्णांनी शर्टाच्या वरून दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवलं. "हितं तिची पाठ."

मी त्यांना वहाणा काढून भिंतीला उभं केलं आणि टेप लावली. दुसरी गुंडी जमिनीपासून बावन्न इंच. आण्णांची स्वतःची उंची पाच फूट सहा. पडद्यावरच्या माणसाला पट्टी लावली, चौऱ्याऐंशी मिलिमीटर. म्हैस चौतीस. त्रैराशिक मांडलं तर म्हैस सहासष्ट मिलिमीटर हवी, म्हणजे माप एक पूर्णांक पंच्याण्णव शतांश.

"म्हंजी किती?" आण्णांनी विचारलं.

"दोनाला जरासं कमी," मी म्हणालो.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं ते मला नडलं.

आण्णा म्हणाले, "इच्यार करून फोन करतो." विचार कशाचा, ते तन्वीनं सांगितलं. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यानं मिरवायची आमच्याकडं रीत आहे. शिंगं रंगवायची, मोरपिसं बांधायची, गळ्यात माळा घालायच्या. म्हैस मालकाच्या मोटारसायकलीमागं पळते आणि लोक शिट्ट्या मारतात. गेल्या पाडव्याला आण्णा नुसते कडेला उभे होते आणि त्यांचे जुने दोस्त हिंदुराव गवळी भर रस्त्यात ओरडले होते, "म्हादबा, तुझी म्हस कुटं हाय? पिशवीत?" यंदा आण्णांनी उलट निरोप पाठवला होता की माझी म्हस बघाय या. दोस्तमंडळी मिरवणूक झाली की परस्पर फुलेवाडीत येणार होती. तर आण्णांची चाललेली धडपड ही अशी. दोस्तांसमोर चंद्री चंद्रीसारखी दिसायला हवी होती.

मग लक्ष्मीपूजनाच्या सकाळी फोन. मागं फटाके वाजत होते आणि सुमन दुकानाच्या उंबऱ्यावर रांगोळी घालत होती.

"पावणं, दोन करा!"

मला ऐकू आलं, पावणेदोन करा. दोनाला जरासं कमी असं मीच सांगितलेलं. पण मी कच्चा माणूस नाही. फाउंड्रीत माप तोंडी आलं तर ते उलट म्हणून दाखवायचं, समोरचा व्हय म्हणेपर्यंत हत्यार उचलायचं नाही. मी उलट म्हणालो, "पावणेदोन ना?"

आण्णा म्हणाले, "व्हय की, पावणं! दोन!"

"पक्कं पावणेदोन?"

"पक्कं, पावणं, दोन! किती येळा इचारतासा?"

दोनदा पडताळलेलं माप. चिठ्ठीवर लिहिलं, १.७५. तन्वीनं पाठवलेल्या फाइलची प्रत काढली, आकडा बदलला, चारही परीक्षा घेतल्या. दारातून गेली, झोपली, प्याली. खाण्याचं मात्र जेमतेम. त्या खेळात प्राणी गव्हाणीपासून ठरलेल्या अंतरावर उभा राहतो आणि मान खाली घालतो. मान लांब झालेली, त्यामुळं तोंड गव्हाणीच्या पलीकडच्या कडेला कसंबसं टेकत होतं. पण टेकत होतं. चारा कमी होत होता. मी फाइल परत पाठवली.

पाडव्याला मलाही बोलावणं होतं. "पावणं, या की, म्हस बघाय." मी गेलो. इमारतीच्या खाली गाड्या लावायच्या जागेत टीव्ही आणून ठेवलेला, त्याला संगणक जोडलेला, पुढं सतरंजी. हिंदुराव तीन दोस्तांबरोबर आले ते खरी म्हैस घेऊनच आले. काळीभोर, शिंगाला गुलाबी रंग, पाठीवर झूल. तिला फाटकाच्या खांबाला बांधली. वॉचमन लांब जाऊन उभा राहिला.

तन्वीनं टीव्ही लावला. चंद्री आली. तन्वीनं सकाळपासून खपून तिची शिंगं रंगवली होती, गळ्यात माळ घातली होती, कपाळाला मोरपीस बांधलं होतं. फारच सुंदर काम. हिंदुराव पुढं वाकले, मागं झाले, पुन्हा वाकले.

"म्हादबा," ते म्हणाले, "रेडकू ब्येस हाय. म्हस कुटं हाय?"

रेडकू म्हणजे म्हशीचं पिल्लू. सगळे हसले. आण्णांनी पडद्याकडं बघितलं, स्वतःच्या दुसऱ्या गुंडीकडं बघितलं आणि माझ्याकडं वळले.

"पावणं! म्या दोन सांगटलंतं!"

"आण्णा, तुम्ही पावणेदोन सांगितलंत. मी दोनदा उलट विचारलं."

"म्या पावणं म्हनलो! मग दोन म्हनलो!"

"मी तेच म्हणतोय. पावणेदोन म्हणालात."

"आवं, पावणं तुमी! दोन म्हस!"

क्षणभर कुणालाच कळेना. मग एक म्हातारबाबा सतरंजीवर आडवेच झाले आणि पोट धरून हसायला लागले. हिंदुराव म्हणाले, "मिस्त्री, पाव तुमी खाल्ला म्हशीचा!" मी हिशोब केला. एक पूर्णांक पंच्याण्णवला वीस शतांश कमी, म्हणजे खऱ्या मापानं चंद्री सव्वापाच इंच कमी. पॅटर्नच्या धंद्यात सव्वापाच इंच चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर जात नाही.

"आत्ता दोन करा," आण्णा म्हणाले. "हितंच. ह्यांच्या म्होरं."

"आण्णा, दोनाची परीक्षा घेतलेली नाही."

"परीक्षा कसली? म्हस काय धाव्वीला बसलीया?"

इथं माझं चुकलं. पाच म्हातारे ओरडत होते, चूक माझ्या कानाची होती, आणि लाजेनं माणूस घाई करतो. मी खेळ बंद केला, फाइल उघडली, १.७५ पुसून २ लिहिलं आणि खेळ लावला. प्रत काढली नाही. दुकानात जी प्रत होती ती आदल्या दिवसाची. तिच्यात रंगवलेली शिंगं नव्हती, माळ नव्हती.

चंद्री आली. पाठ मालकाच्या दुसऱ्या गुंडीला. एकच आवाज उठला. हिंदुरावांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "आयला म्हादबा, हीच ती! हीच मुरगूडची चंद्री!" आण्णा नुसते मिशीतल्या मिशीत हसत मांडी बदलून बसले.

"आजोबा, तिला चारा घालू?" तन्वीनं विचारलं.

"घाल, घाल. सकाळधरनं उपाशी ठिवलीया," आण्णा दोस्तांना म्हणाले. "म्हंजी बोलवली की पळत ईल."

खऱ्या म्हशीला मिरवणुकीआधी थोडी उपाशी ठेवतात, चारा दाखवला की मागं येते म्हणून. आण्णांनी तीच युक्ती इथं वापरली होती. मी दचकलो. मी विचारलं, "उपाशी म्हणजे किती?" तन्वीनं कोपऱ्यातली भुकेची पट्टी दाखवली. हिरवी संपून पिवळी झाली होती, तीही बोटभर उरलेली.

त्या खेळाचा एक नियम आहे. प्राणी फार उपाशी राहिला तर तो फाटकातून निघून जातो. परत येत नाही, त्याची फाइलच पुसली जाते. खेळ बनवणाऱ्याला मुलांना जबाबदारी शिकवायची असेल. मला तो माणूस भेटला तर मीही त्याला दोन गोष्टी शिकवीन.

चंद्री गव्हाणीकडं गेली, ठरलेल्या अंतरावर उभी राहिली आणि मान खाली घातली. तोंड गव्हाण ओलांडून पलीकडं गेलं, जमिनीत घुसलं. ती हवा चावत राहिली. चारा तसाच.

"काका, ती खाईना," तन्वी म्हणाली.

"गव्हाण पुढं सरकव की," एक म्हातारा म्हणाला. गव्हाण सरकत नव्हती. तिची फाइल वेगळी, तिचं माप बदलायचं तर अर्धा तास. पट्टी पिवळीची लाल झाली. मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं. फार तर सहा मिनिटं.

"आण्णा, माप उतरवावं लागेल," मी म्हणालो. "पावणेदोनला तोंड पोचत होतं. दोनाला पोचत नाही."

कुणी हसलं नाही. हिंदुरावही नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. उतरवणं माझ्या हातात होतं, पण माप गिऱ्हाइकाचं. गिऱ्हाइकाच्या शब्दाशिवाय मी कधी सूतभरही कमी केलेलं नाही, आणि लाकडाच्या बाबतीत मला तो नियम कधी जड गेला नव्हता. आण्णा पडद्याकडं बघत होते. चंद्री चावत होती, गिळायला काही नव्हतं. तन्वीनं आजोबांचा शर्ट धरला होता, खालच्या गुंडीपाशी.

चंद्रीनं मान वर केली आणि फाटकाकडं वळली.

"पावणं," आण्णा म्हणाले. मग नीट तोडून, एक एक अक्षर सुटं करून, दोस्तांच्या पुढ्यात म्हणाले, "पाव-णे-दोन करा."

मी उलट म्हणून दाखवलं नाही. खेळ बंद केला, फाइल उघडली, या वेळी आधी प्रत काढली. तीन सेकंद गेले, पण काढली. आकडा लिहिला. खेळ उघडायला चाळीस सेकंद घेतो. त्या चाळीस सेकंदांत काळ्या पडद्यावर एक पांढरं चाक फिरत असतं. पाच म्हातारे, एक मुलगी आणि मी त्या चाकाकडं बघत बसलो होतो.

चित्र आलं तेव्हा फाटक उघडं होतं. चंद्री तिकडं तोंड करून चालत होती. लहान झालेली, रेडकासारखी. तन्वीनं गव्हाणीवर बाण नेऊन दाबला. एकदा, दोनदा.

आण्णा गुडघे विसरून उभे राहिले आणि मुरगुडापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडले, "हाऽऽ चंद्रे! हाऽऽ हाऽऽ!"

म्हैस थांबली. वळली. गव्हाणीपाशी आली, मान खाली घातली, तोंड पलीकडच्या कडेला टेकलं. चारा कमी व्हायला लागला. पट्टी लालची पिवळी झाली.

"वळली बघ हाकंला," हिंदुराव हळूच म्हणाले.

ती तन्वीच्या बाणाला वळली होती. खेळाला कान नसतात. हे मला माहीत होतं आणि तन्वीलाही. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं, आणि आम्ही दोघंही गप्प राहिलो. चंद्रीचं पोट भरलं तशी ती कुत्र्यासारखी मागं बसली आणि पुढचे दोन पाय वर करून हात मिळवायला लागली. हिंदुरावांनी टीव्हीपुढं जाऊन रीतसर हात जोडले.

रेडकू म्हटल्याचा दंड म्हणून हिंदुरावांनी फाटकाला बांधलेल्या म्हशीखाली बसून तांब्या भरला. फेसाचं कोमट दूध आधी आण्णांना. आण्णांनी किती महिन्यांनी घेतलं ते मी विचारलं नाही. दोन घोटांत पेला रिकामा केला आणि मिशा पुसल्या.

मग हिशोब. मी दीडशे रुपये काढून पुढं केले. चूक माझी, परीक्षा न घेता माप दिलं, प्रत काढली नाही. पैसे परत.

"सगळं कशाला?" आण्णा म्हणाले. "दोनाचं दीडशे. मग पावणेदोनाचं किती?"

"माझा दर मापावर नसतो आण्णा, प्राण्यावर असतो."

"म्हशीचा दर मापावरच असतोय! करा हिशोब."

केला. दोनाला दीडशे, तर पावणेदोनाला एकशे एकतीस रुपये पंचवीस पैसे. ते माझे. परत करायचे उरले अठरा रुपये पंचाहत्तर पैसे.

"पावणेएकोणीस," मी म्हणालो.

"व्हय की, पावणं, एकोणीस," आण्णा म्हणाले आणि तन्वीला म्हणाले, "घे गं, हात पुढं कर."

मी एकोणीस दिले, तन्वीच्या हातात, सुट्टे.